पंखे फिरवण्याचा समारंभ

पठारावरच्या पवनचक्की केंद्रात मोठ्या साहेबांना पाठीमागे सगळे ‘फीतकापे’ म्हणत. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलंच नाही. साहेबांनी नव्या वॉटर फिल्टरची फीत कापली होती, रंग दिलेल्या जिन्याची कापली होती आणि एकदा तर दुरुस्त होऊन आलेल्या झेरॉक्स मशीनचीसुद्धा. कात्री टेबलाच्या वरच्या खणात मखमली पिशवीत असे. खालच्या खणात कागद असत. तो खण सहसा उघडत नसे.

त्या खालच्या खणात इंजिनियरबाईंचा एक प्रस्ताव दोन वर्षं पडून होता.

बाई कंट्रोल रूम सांभाळत. एकोणीस वर्षं त्यांच्यासमोर पडद्यावर एक आकडा होता, पन्नास. ग्रिडची, म्हणजे सगळ्या केंद्रांना जोडणाऱ्या वीजजाळ्याची, ती फ्रिक्वेन्सी. ग्रिडमध्ये विजेची साठवण अशी जवळजवळ नसतेच. या क्षणी जेवढी वापरली जाते तेवढी याच क्षणी तयार व्हायला हवी. वापर वाढला की आकडा पन्नासच्या खाली घसरतो, वीज जास्त झाली की वर चढतो. फारच घसरला तर यंत्रणा आपणहून गावंच्या गावांची वीज तोडून टाकते. सगळ्यांचा मिळून हा एकच तोल, आणि तो सांभाळायचं काम कोळशाच्या आणि पाण्याच्या केंद्रांनी करायचं, पवनचक्क्यांनी नुसतं वारा येईल तेवढं ओतत राहायचं, अशी रीत होती. बाईंना हे पटत नसे. त्यांचं म्हणणं साधं होतं. वारा असताना मागच्या टेकडीवरच्या तीस नव्या चक्क्यांची पाती किंचित वळती ठेवायची, म्हणजे दहा टक्के ताकद हातात राहील. आकडा घसरला की पाती सरळ करायची, पाच सेकंदांत ती ताकद ग्रिडला मिळेल.

“म्हणजे वारा असताना मुद्दाम कमी वीज करायची?” साहेबांनी विचारलं होतं.

“थोडी. अडीअडचणीला हाताशी असावी म्हणून.”

“बाई, जगात माणसं जास्तीसाठी धडपडतात. तुम्ही कमीसाठी अर्ज करताय.” असं म्हणून साहेबांनी प्रस्तावावर चहाचा कप ठेवला. कप उचलल्यावर कागदावर उमटलेलं गोल वर्तुळ, एवढाच साहेबांचा शेरा.

घरी वेगळीच तऱ्हा. बाईंचे सासरे कोळशाच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. तेहतीस वर्षं पॅनेलसमोर काढलेला माणूस. पवनचक्क्यांना ते पंखेच म्हणत. संध्याकाळी सून घरी आली की चपला काढायच्या आत प्रश्न तयार असे. “काय सूनबाई, आज आला होता का तुमचा मालक कामावर? की दांडी?”

मालक म्हणजे वारा. बाईंचा नवरा वर्तमानपत्र थोडं आणखी उंच धरी आणि त्यामागे हसून घेई.

एके दिवशी भार नियंत्रण केंद्राचं पत्र आलं. सगळीकडची वीज कुठून किती घ्यायची हे ठरवणारं हे केंद्र. पत्रात विचारलं होतं, की ग्रिडचा तोल राखायला पवनचक्क्यांचा उपयोग करता येईल का, कुणाकडे काही कल्पना आहे का. साहेबांनी खालचा खण उघडला. दुपारपर्यंत ती कल्पना साहेबांची झाली होती आणि संध्याकाळपर्यंत तिच्यासाठी मंडप ठरला होता.

“प्रात्यक्षिक करायचं,” साहेब म्हणाले. “खुद्द ऊर्जामंत्री येताहेत. व्यासपीठावर मोठं लाल बटण. मंत्र्यांनी दाबलं की पंखे हळू, पुन्हा दाबलं की जोरात.” बाईंच्या सासऱ्यांना साहेब कधी भेटले नव्हते, पण ‘पंखे’ या शब्दावर दोघांचं एकमत होतं.

“सर, पाती जराशीच वळतात. खालून बघणाऱ्याला काही कळणार नाही.”

“मग दिसणार काय?”

“काहीच नाही. वीज गेली नाही, एवढंच.”

साहेबांनी बाईंकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “न गेलेल्या विजेला टाळ्या कोण वाजवणार, बाई?”

मग असं ठरलं, की व्यासपीठामागच्या बारा जुन्या चक्क्या वापरायच्या, कारण त्या फोटोत छान येतात. बटणाची तार कंट्रोल रूममधल्या एका घंटेला जोडायची. एकदा घंटा वाजली की बाईंनी त्या बारा चक्क्या हाताने थांबवायच्या, दोनदा वाजली की पुन्हा चालू. ग्रिडशी बटणाचा काही संबंध नाही. ते लाल मात्र खूप होतं, बशीएवढं.

हवामानाचा अंदाज बाईंनी आठ दिवस आधीच साहेबांच्या टेबलावर ठेवला. समारंभाच्या दिवशी वारा शून्याच्या आसपास.

“अंदाज बदलतात,” साहेब म्हणाले.

“हा बदलेलसं वाटत नाही.”

“तुम्ही जरा आशावादी राहायला शिका.”

समारंभाच्या दिवशी पठारावर पान हलत नव्हतं. मंडपाभोवतीचे झेंडे ओल्या टॉवेलसारखे लोंबत होते. शेवटी मंडपवाल्याने झेंड्यांच्या मागे पुठ्ठे लावले आणि ते फडकतानाच्या आकारात वाकवून स्टेपल केले. साहेबांना ही युक्ती फार आवडली. तिथूनच बहुधा त्यांना पुढची सुचली.

ते कंट्रोल रूममध्ये आले तेव्हा घामाने निथळत होते. “बाई, त्या जुन्या बारांना ग्रिडची वीज घेऊन फिरवता येतं ना?”

येत होतं. दुरुस्तीनंतर पाती अडत नाहीत ना हे बघायला तशी सोय होती. पाच-दहा मिनिटांपुरती.

“सर, म्हणजे वीज करणारं यंत्र आपण वीज खर्च करून फिरवायचं? आणि मंत्र्यांना सांगायचं, हे बघा वीज कशी होते?”

“सांगायचं काही नाही. दिसेल ते दिसेल.”

“दीड मेगावॅट जाईल.”

“जाऊ दे की. एवढ्या मोठ्या ग्रिडला दीड मेगावॅट म्हणजे काय? चाचणी आहे असं लिहा.”

बाईंनी नोंदवहीत लिहिलं, ‘साहेबांच्या तोंडी आदेशावरून चाचणी’. ‘तोंडी’ या शब्दाखाली रेघ मारली. बाईंच्या हाताखालच्या मिस्त्रींनी दोन्ही हात खिशात घातले आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. आपले हात कशालाही लागले नाहीत, हे त्यांना सगळ्यांना दिसायला हवं होतं.

समारंभ चारचा होता. मंत्री सव्वासहाला आले. तोवर घराघरांत दिवे लागायची वेळ झालेली, म्हणजे ग्रिडवर दिवसातला सगळ्यात मोठा ताण. बाईंनी भार नियंत्रण केंद्राला फोन लावला. पलीकडच्या इंजिनियरला त्यांनी नऊ वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या आवाजावरून त्याला सर्दी झालीय की घरी भांडण, हे त्यांना कळे.

“चाचणीसाठी दीड मेगावॅट घेतोय,” बाई म्हणाल्या.

“आत्ता? या वेळेला? कसली चाचणी?”

“साहेबांची,” बाई म्हणाल्या.

पलीकडून एक सुस्कारा आला. “लवकर आटपा मॅडम. कोळशाचे दोन संच दुरुस्तीला आहेत, वारा कुठेच नाही. आज सगळं काठावर आहे.”

बाईंनी एकेक करून बारा चक्क्या चालू केल्या. एकोणीस वर्षांत त्यांना आपल्या कामाची लाज वाटली नव्हती. ती आज वाटली.

मंडपात टाळ्या पडल्या. पाचच मिनिटांत बाईंचा मोबाइल वाजला. सासरे होते. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना पास मिळाले होते आणि ते तिसऱ्या रांगेत बसले होते.

“सूनबाई, इथे माझ्या कपाळावरचा घाम वाळत नाहीये आणि तुमचे पंखे गरगर फिरताहेत. काय प्रकार आहे?”

“बाबा, घरी आल्यावर सांगते.”

“नको सांगू. कळलं. ग्रिडवरून फिरवताय. आमच्या कोळशावर!” आणि ते इतक्या जोरात हसले, की फोनमधून आजूबाजूच्यांचं शुक-शुक ऐकू आलं. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मंत्र्यांचं भाषण सुरू झालं होतं. कंट्रोल रूममधल्या छोट्या पडद्यावर ते दिसत होते. मागे बारा पंखे डौलात फिरत होते. निसर्ग आपल्याला भरभरून देतो, आपल्याला नुसते हात पुढे करायचे आहेत, असं काहीसं ते सांगत होते.

तेवढ्यात आकडा हलला. एकोणपन्नास दशांश नऊ. आठ. सहा. बाई खुर्चीतून उठल्या. फोन खणखणला.

“मोठा संच ट्रिप झालाय, एकदम बंद पडलाय,” तो ओळखीचा आवाज या वेळी अगदी सपाट होता. “जो भार काढता येईल तो काढा. लगेच.”

शेजारच्या वॉकीटॉकीवर साहेब कुजबुजत होते, “घंटा वाजेपर्यंत कशाला हात लावू नका. मंत्री बोलताहेत.”

बाईंनी वॉकीटॉकीकडे पाहिलं नाही. दीड मेगावॅटनं ग्रिड वाचणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण बुडत्या नावेत आपण पाणी ओततोय हेही ठाऊक होतं, आणि ओतणारा हात त्यांचा स्वतःचा होता. त्यांनी बाराच्या बारा चक्क्या ग्रिडपासून तोडल्या. मागे मिस्त्रींनी खिशातून हात काढले आणि न विचारता ब्रेकचे दिवे एकेक तपासून दिले.

मंडपात मंत्री म्हणत होते, “ही चाकं आता कधीही थांबणार नाहीत,” आणि समोरची माणसं त्यांच्या खांद्यावरून मागे बघू लागली. मंत्र्यांनी वळून पाहिलं. बारा चक्क्या मंदावत होत्या. साहेब वॉकीटॉकी हलवून बघू लागले. मंत्र्यांना मात्र वाटलं, आपलंच काही चुकलं. “अरे, बटण राहिलंच की दाबायचं!” म्हणत त्यांनी घाईघाईने बशीएवढ्या बटणावर तळहात मारला. तोवर पाती जवळजवळ थांबलीच होती.

निवेदक कसलेला होता. श्वास घ्यायलाही न थांबता तो माइकवर ओरडला, “पाहा! पाहा मंडळी! मंत्रिमहोदयांनी बटण दाबायच्या आधीच यंत्रणेनं त्यांच्या मनातलं ओळखलं!”

प्रचंड टाळ्या. मंत्री इतके खूश झाले, की त्यांनी पुन्हा दोनदा बटण दाबलं. मग आणखी दोनदा. कंट्रोल रूममध्ये घंटा नुसती ठणठणत होती. बाईंनी हात लांब करून तिची तार उपटली.

“यंत्रणा आता विश्रांती घेत आहे,” निवेदकानं जाहीर केलं.

मंडपातून खालचं शहर दिसत होतं. त्याचा पूर्वेकडचा सगळा भाग एकाएकी काळा झाला. यंत्रणेनं तो तोडला होता. मंत्र्यांनी बोट दाखवून विचारलं, “तिकडे काय झालं?”

साहेबांना तोवर कंठ फुटला होता. “तिकडे आपले पंखे नाहीत ना, सर.”

पुढच्या सात-आठ मिनिटांत पाण्यावरच्या केंद्रांनी जोर लावला आणि आकडा हळूहळू पन्नासवर आला. पूर्वेच्या भागात वीस मिनिटांनी दिवे लागले. मंडपात तोवर चहा सुरू होता.

त्या संध्याकाळी साहेबांनी बाईंच्या नावे कारणे दाखवा नोटीस टाइप करून घेतली. आदेश मोडला, समारंभाचा अवमान केला, घंटेची नासधूस केली, वगैरे. सकाळी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर मथळा होता, ‘वाऱ्याने सावरला ग्रिडचा तोल’. खाली मंत्र्यांचा फोटो, तळहात बटणावर. साहेबांनी नोटीस फाडली आणि बाईंना केबिनमध्ये बोलावून खुर्ची पुढे केली. हे पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे बाई उभ्याच राहिल्या.

“या अहवालावर सही हवी तुमची. शिफ्ट तुमची होती.”

बाईंनी वाचलं. ‘आणीबाणीच्या क्षणी केंद्राने चार सेकंदांत दीड मेगावॅटचे योगदान दिले.’

“सर, आपण दिली नाही. घेत होतो, ती घ्यायची थांबवली.”

“गणितात फरक पडतो का?”

“गणितात नाही पडत.”

“मग?”

“दुसऱ्याच्या खिशातला हात बाहेर काढला, त्याला दान म्हणत नाहीत सर.”

साहेबांनी पेनाचं टोपण मिटलं. “तुम्ही हुशार आहात, बाई. पण तुमचं बोलणं फार अंगाला लागतं. विचार करा. निवृत्तीला अजून वर्षं आहेत तुमच्या.”

घरी बाईंनी जेवण टाळलं आणि टेबलाशी कोरे कागद घेऊन बसल्या. सासरे समोर येऊन बसले. आज त्यांनी मालकाची चौकशी केली नाही.

“सही मागितली?” त्यांनी विचारलं.

“हो.”

सासऱ्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “आमच्याकडे बॉयलरची नळी फुटली होती एकदा. दोन माणसं भाजली. नळी जुनी झालीय म्हणून मी तीनदा लिहून दिलं होतं. मग अहवाल आला, ‘खराब हवामानामुळे’. बॉयलर छपराखाली. मी सही केली.”

बाईंनी हे कधी ऐकलं नव्हतं. “मग काय झालं, बाबा?”

“काय व्हायचं? बढती मिळाली.”

ते उठून आत गेले. जाताना दिव्याची मान त्यांनी सुनेच्या कागदाकडे वळवून दिली.

बाईंनी दोन पानं लिहिली. चक्क्या फिरत नव्हत्या, फिरवल्या जात होत्या, कुणाच्या सांगण्यावरून, किती वाजता, किती वीज घेऊन. तिसरं पान म्हणून तो जुना प्रस्ताव जोडला, प्रात्यक्षिकाच्या तयारीसाठी साहेबांनी परत दिलेला, कपाच्या वर्तुळासकट, कारण दुसरी प्रत जवळ नव्हती. पाकीट भार नियंत्रण केंद्राला गेलं.

पंधरा दिवस कुठून हूं की चूं नाही. सोळाव्या दिवशी बातमी आली, की ‘वाऱ्याचा अभिनव वापर’ केल्याबद्दल साहेबांना पुरस्कार जाहीर झाला आहे. साहेब नवा कोट शिवून चार दिवसांसाठी रवाना झाले. कात्री बरोबर नेली, वेळ सांगून येत नाही म्हणून.

दुसऱ्याच दिवशी फोनवर तो आवाज आला. “मॅडम, तुमचं पत्र आमच्या वरिष्ठांनी वाचलं. पहिल्या दोन पानांवर काही होणार नाही. पुरस्कार आमच्याच खात्यानं दिलाय, आता तो परत कसा मागायचा, या काळजीत आहेत सगळे. पत्र कपाटात गेलं.”

“वाटलंच होतं,” बाई म्हणाल्या.

“ऐका तर. तिसरं पान माझ्या टेबलावर आहे. चहा सांडलेलं. हे दहा टक्के खरंच राखता येतात?”

“येतात.”

“उद्या वारा आहे. लेखी आदेश पाठवतो. करून बघू.”

दुसऱ्या दिवशी भरपूर वारा होता. मागच्या टेकडीवरच्या तीस चक्क्यांची पाती बाईंनी सकाळी किंचित वळवली. सहा मेगावॅट हातात. मग काहीच नाही. अकरा वाजले, बारा वाजले. मिस्त्रींनी डबा उघडला. दोन वाजून सतरा मिनिटांनी कुठेतरी एक संच गेला आणि आकडा एकोणपन्नास दशांश आठवर आला. तीस चक्क्यांनी आपणहून पाती सरळ केली. पडद्यावरची रेघ टुणकन वर उडाली आणि तिथेच थांबली. इतर दोन-तीन केंद्रांनीही हात दिला. पन्नास. खाली शहरात कुणाचं इस्त्री करणं थांबलं नाही, कुणाची लिफ्ट अडकली नाही. मिस्त्रींनी घास चावता चावता विचारलं, “झालं?”

“झालं,” बाई म्हणाल्या.

फोन वाजला. “मॅडम, पोचली. पाच सेकंदांत.”

“हो, दिसलं.”

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली आणि त्यानं फोन ठेवला. बाईंनी नोंदवहीत वेळ लिहिली. घरी गेल्यावर त्यांनी सासऱ्यांना सगळं सांगितलं, अगदी दशांशासकट. म्हाताऱ्यानं दोनदा विचारून घेतलं, किती सेकंद म्हणालीस, आणि मग मुलाकडे वळून उगाचच डाफरला, “पेपर खाली ठेव की जरा. माणसं बोलताहेत.”

साहेब परतले ते चिडूनच. आपल्या गैरहजेरीत, आपल्या केंद्रात, फीत न कापता एवढी मोठी गोष्ट! त्यांनी खुलासा मागणारा मेमो टाइप करायला घेतला. तो अर्ध्यावर असतानाच भार नियंत्रण केंद्राचं परिपत्रक येऊन थडकलं. सगळ्या पवनचक्की केंद्रांनी यापुढे वारा असताना दहा टक्के राखून चालवावं. शिवाय ही पद्धत प्रथम सुरू करणाऱ्या केंद्राच्या प्रमुखांनी इतर केंद्रांना जाऊन मार्गदर्शन करावं. प्रमुख म्हणजे अर्थातच साहेब. परिपत्रकात बाईंचा उल्लेख नव्हता. ‘व त्यांचे सहकारी’ होते.

मार्गदर्शनाचा पहिला दौरा ठरला. स्लाइड बाईंनीच करून दिल्या, शेवटच्या स्लाइडवर लाल बटण साहेबांनी स्वतः टाकलं. निघण्याच्या दिवशी दुपारी गाडी दारात लागलेली असताना साहेब कंट्रोल रूममध्ये डोकावले. आत कुणी परकं माणूस नाही, याची खात्री केली, दार लोटून घेतलं आणि बाईंच्या खुर्चीशी वाकून हळूच विचारलं,

“बाई, ते दहा टक्के म्हणजे नक्की कशाचे दहा टक्के?”

बाईंनी पडद्यावरून नजर काढली नाही. वारा चांगला होता आणि आकडा जरा चंचल होता.

“बसा सर,” त्या म्हणाल्या. “लिहून घ्यायला कागद आणलाय का?”

साहेबांनी दोन्ही खिसे चाचपले. हाताला कात्री लागली.